भंगारवाल्याच्या काट्यावर बहात्तर किलो

२ जानेवारी
आज डाएटिशियन बाईंनी माझी फाइल बंद केली. वजन ७२. चौदा किलो उतरवले. आता उतरवायचं नाही, फक्त राखायचं. दिवसाला चौदाशे कॅलरी. बाई म्हणाल्या, खरी परीक्षा आता सुरू. मला हसू आलं. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासणं, खोटे निघाले तर जप्त करणं हीच माझी नोकरी. माझ्या नजरेतून पाच ग्रॅम सुटत नाहीत, तिथे चौदाशे कॅलरी काय निसटणार?
बायकोला हे ऐकवलं. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं. त्यावर विचार करतोय.

३ जानेवारी
ऑफिसात जिन्याजवळच्या फलकावर माझा फोटो लागला. संचालक मॅडमची कल्पना. डावीकडे ‘आधी’: ८६ किलो, खात्याचीच पार्टी, तोंडात केक. उजवीकडे ‘नंतर’ असं लिहिलेली रिकामी चौकट. २४ मार्चच्या वार्षिक मेळाव्यात मी स्टेजवर खात्याच्या काट्यावर उभं राहायचं. बहात्तर भरलो की तिथेच फोटो आणि मग ‘वजन राखावं कसं’ यावर माझं भाषण.
फोटो आजच का काढत नाही, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, आपलं खातं मोजल्याशिवाय काही मान्य करत नाही. तत्त्व म्हणून पटलं. पण मग केकचा फोटो न मोजता कसा लागला?

९ जानेवारी
नियोजन उत्तम चाललंय. सकाळी अंडं, टोस्ट. दुपारी उकडलेल्या भाज्या. रात्री सूप. सूप आणि गरम पाणी यांतला फरक रंगावरून कळतो.
दुपारी चारला भूक. वीस शेंगदाणे मोजून खायचे ठरवलं. मध्येच फोन आला, आकडा विसरलो. अंदाजाने पुढे जाणं स्वभावात नाही, म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात केली. मग दुसरा फोन.

१७ जानेवारी
आमच्या नियमांत काट्याला थोडी चूक माफ असते. यंत्राला असते, तर माणसाला का नसावी? स्वतःला पाच टक्के मंजूर केले. चौदाशेवर सत्तर. ही स्वतःची फसवणूक तर नव्हे, असा अर्धा तास विचार केला. नव्हे. फसवणारा लपवतो, मी लिहून ठेवतोय.
जेवताना लेकीने विचारलं, बाबा, ही सूट दिवसाला की घासाला? पोरगी हुशार आहे. हे ठरवायचं राहिलंच होतं. तूर्त घासाला.

१ फेब्रुवारी
घरचा काटा ७५ दाखवतोय. बिघडला.

२ फेब्रुवारी
ऑफिसातून प्रमाणित वजनं आणून घरचा काटा तपासला. अचूक निघाला. म्हणजे दोष फरशीत. काटा बाथरूममध्ये ठेवून पाहिला, हॉलमध्ये, गॅलरीत. सगळीकडे ७५. संपूर्ण घराची लेव्हल गेलेली आहे. बिल्डरला पत्र लिहायला हवं. बायको म्हणाली, अहो, काटा फिरवून दमला असाल, आता एकदा फ्रिज तपासा. आइस्क्रीमचा डबा रिकामा का आहे, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. मी विषय वाढवला नाही.

८ फेब्रुवारी
बायकोबरोबर रद्दी विकायला गेलो. तिने निघण्यापूर्वी घरच्या काट्यावर गठ्ठे मोजले होते. पंचवीस किलो. भंगारवाल्याकडे भरले तेवीसला थोडे कमी. बायको तडकली, दोन किलो पेपर काय वाटेत उडून गेले? भंगारवाला म्हणाला, ताई, ऊन बघा ना, कागद वाळतो. मी दोघांमध्ये पडलो आणि सांगितलं की आमच्या घरची लेव्हल गेलेली आहे. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. (कॅलरी शून्य.)
ती तणतणत रिक्षात बसायला गेली, तेवढ्यात सहज त्या काट्यावर उभा राहिलो.
६८ किलो ७००!
म्हणजे मी वजन राखत नाहीये, अजून उतरतोय! आनंद झाला, मग लगेच काळजी. बहात्तरच्या खाली जाणं म्हणजे अशक्तपणा. मेळाव्यात चक्कर आली तर? तीन किलो भरून काढले पाहिजेत. येताना केक घेतला. औषध म्हणून.

१२ फेब्रुवारी
मनाला एक टोचणी लागलीय. भंगारवाल्याचा काटा माझ्याच हद्दीत येतो. तपासायला हवा. पण ज्या काट्यावर माझं खासगी वजन होतं, त्याची सरकारी तपासणी मीच करणं नीतीला धरून आहे का? उद्या कोणी म्हणेल, साहेबांनी स्वतःच्या सोयीचा काटा पास केला. नको. सहकारी दशांशला सांगावं. (हे त्याचं टोपणनाव. तो चहात साखरसुद्धा ‘शून्य पूर्णांक पाच चमचे’ मागतो.) पण सध्या त्याच्यावर पेट्रोल पंपांचं काम आहे. मेळाव्यानंतर सांगेन.

२६ फेब्रुवारी
भंगारवाल्याकडे ७० किलो ४००. प्रगती आहे, पण संथ. आहार वाढवला. लोणी, चीज, झोपताना मिल्कशेक. शरीराशी हयगय नको.
पॅन्टचं बटण लागत नाही. वॉशिंग मशीनमध्ये आटली. मोजेही त्याच मशीनमध्ये धुतले होते, ते तपासले. आटलेले नाहीत. कापडाच्या दर्जाचा प्रश्न दिसतो.

१० मार्च
बायको आज समोर बसून शांतपणे बोलली. म्हणाली, स्टेजवर जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, घरच्या काट्यावर उभे राहा. माझ्यासाठी. मी म्हटलं, सदोष ठिकाणी घेतलेलं माप मी मानत नाही, तो माझ्या पेशाचा अपमान होईल. ती म्हणाली, मग तिथे तोंडघशी पडाल तेव्हा माझ्याकडे बघायचं नाही. लेक म्हणाली, आई, सोड ना, बाबा खात्यात आहेत ना, खातातच ते. उद्धट होत चाललीय. तरी हसू दाबलं.

२३ मार्च
बहात्तर! ग्रॅमही इकडेतिकडे नाही. भंगारवाल्याने टाळ्या वाजवल्या. भाषण तयार आहे. शेवटचं वाक्य: ‘मित्रहो, मनावर नको, मापावर विश्वास ठेवा.’ आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी पॅन्टचं बटण उडालं. पिन लावली.

२५ मार्च, सकाळी
काल लिहवलं नाही.
७८ किलो ६००.
फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. मी मॅडमना सांगितलं, हा काटा सदोष आहे, सर्वांसमक्ष तपासणी व्हावी. दशांशने धावत जाऊन प्रमाणित वजनं आणली, एकेक ठेवून मोठ्याने आकडे वाचले. काटा ग्रॅमला अचूक. वर पडताळणीचा शिक्का. माझाच, जानेवारीतला.
मॅडमनी हळूच विचारलं, तुम्ही एरवी वजन कुठे करता? खोटं बोलणं मला जमत नाही. भंगारवाल्याकडे, म्हणालो. मग मागून कोणीतरी म्हणालं, अरे, तो वजनावर माल विकत घेतो! आणि अख्खं सभागृह फुटलं. दशांश डोळे पुसत पुसत जप्तीचे कागद आणायला पळाला.
नको म्हटलं असूनही मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. बोटांवर हिशोब करत होती. आजवर दिलेल्या सगळ्या रद्दीचा.
भाषण रद्द. अल्पोपाहार झाला. मी फक्त पाणी घेतलं. आणि दोन सामोसे, पण उभ्याने.

२६ मार्च
दशांशने काटा जप्त केला. दर बारा किलोमागे एक किलो चक्क गायब. भंगारवाला त्याला म्हणाला म्हणे, साहेब दर वेळी एवढे खूश होऊन उतरायचे, मला वाटलं त्यांना माहीत आहे.
बायको एका शब्दाने बोलली नाही. संध्याकाळी पुढ्यात सूप ठेवलं. मग शेजारी बसून स्वतःही तेच प्यायली. बहुधा माझ्यासाठी. ते मात्र बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

३० मार्च
‘नंतर’ची चौकट अजून रिकामी आहे. दशांशचं म्हणणं, दोन्हीकडे तोच फोटो लावा, प्रिंटचा खर्च वाचेल. मी दुर्लक्ष केलं.
जप्त काटा पुरावा म्हणून माझ्याच टेबलाशेजारी ठेवलाय, दुसरीकडे जागा नाही. दुपारी स्टाफ येऊन त्यावर उभा राहतो आणि हसत उतरतो. आज मॅडमही येऊन गेल्या. उतरताना गुणगुणत होत्या. मी सर्वांना बजावलं की पुराव्याशी खेळणं योग्य नाही.
पाच वाजता सगळे गेले. दार लोटलं. बूट काढले. उभा राहिलो.
७१ किलो ९००.
काटा सदोष असल्याचा आरोप आहे, हे मला मान्य आहे. पण प्रकरण अजून कोर्टात आहे. निकाल लागण्याआधी त्याला खोटा म्हणणं कायद्याला धरून होणार नाही.