शिक्क्याआधीचे पेढे

ग्योतोकु, जपान, एप्रिल २००६

चिरंजीव मोरेश्वरास ताईचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आणि तुझा स्वभाव, दोन्ही थोडे तरी सरळ झाले का ते कळव. मी खुशाल आहे; जेवते, झोपते आणि कचऱ्याचे चार ढीग वेगळे करते. सांगते मी, लिहिते आहे सूनबाई स्वप्ना. (माझं एकही वाक्य गाळायचं नाही, असं तिला बजावलं आहे. खरं काय लिहिते ते तूच बघ, मला कुठे वाचता येतं.)

मोरेश्वरा, तुझ्या भाच्याची बढती माझ्या हातून अडली. पुष्करच्या कावासाकीच्या ऑफिसात साहेब जपानी आणि हाताखाली आपली पुण्यामुंबईची मुलं. मार्चात ओगावा-सान या मोठ्या साहेबांनी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं, एप्रिलपासून सगळी मुलं तुमच्याकडे, हुद्दाही मोठा. पण शिक्क्याचा कागद भिंतीवर लागेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. इथली रीतच आहे ती. त्याने घरी येऊन स्वप्नाला कुजबुजून सांगितलं. (मी कान लावला नव्हता. इथली दारं सरकती, पातळ असतात.)

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची कल्पना साताऱ्याहून तू दिलेले कंदी पेढे घेऊन आली. तिचा नवरा गुणवंत पुष्करच्याच ऑफिसात आहे. आता घरात पेढे, पोटात आनंदाची बातमी, आणि मी गप्प बसायचं? देवापुढे ठेवले आणि बिल्डिंगीतल्या सगळ्या मराठी घरांत वाटले. कल्पनाने विचारलं, "कशाचे हो, आजी?" म्हटलं, "पुष्कर मोठा साहेब झाला." इथे कुणी गावाहून आलं की खाऊ ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर ठेवतात. गुणवंताने तेच केलं. ओगावा-सानना दोन्ही हातांनी पेढा दिला आणि कारणही सांगितलं. (त्याच्या मनात काय होतं, ते त्याचं त्याला ठाऊक.)

संध्याकाळी पुष्कर बूट काढून दारातच उभा राहिला. "आई, पेढे वाटलेस?" एवढंच. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

मग शेंगा मोडताना स्वप्नाने मला ती सध्या वाचते आहे त्या पुस्तकातली अर्खेलावाची गोष्ट सांगितली. ही इतिहासाची एम.ए., टोमणाही दोन हजार वर्षं मागून आणते. (लिही, लिही.) रोमच्या अमलाखाली यहुदी लोकांचे राजे असत, मांडलिक. आपल्या औंध-फलटणच्या राजांवर इंग्रज, तसा त्यांच्यावर रोमचा बादशहा. हेरोद राजा वारला. मृत्युपत्रात गादी अर्खेलाव या मुलाला. पण रोमची मंजुरी येण्याआधीच हा सोन्याच्या सिंहासनावर बसून प्रजेशी बोलला. भाऊबंदांनी रोमला जाऊन तेच बादशहाच्या कानावर घातलं. बादशहाने राज्याचे तुकडे केले, याला अर्धं दिलं आणि राजा ही पदवी हातची राखली. लायकी दाखव, मग देतो, म्हणाला.

मी विचारलं, "आणि त्याची आई?" स्वप्ना म्हणाली, आई त्याच्याबरोबर रोमला गेली होती. निकाल लागण्याआधी तिथेच वारली, परक्या मुलखात. मी पुढची शेंग मोडायला घेतली.

इथेही कागद लागला. अर्धी मुलं पुष्करकडे, अर्धी गुणवंताकडे. हुद्दा नाही. पुढच्या वर्षी बघू, म्हणतात.

घरातल्या सगळ्यांना जप. भरल्या घरात भिंतीशी बोलणारी,
तुझी ताई, प्रभावती

ता. क. खरं काम राहिलंच. तू पुष्करला एक पत्र टाक. पेढे वाटायला मामानेच सांगितलं होतं, असं लिही. तुझ्यावर रागावला तरी तू साताऱ्यात. मला त्याच्यासमोर दोन्ही वेळा जेवायला बसायचं असतं. (स्वप्नाने पेन खाली ठेवलं होतं. आता उचललं.)

आणखी एक. पाकीट चिकटवणार तोच पुष्कर आला आणि त्याने हे सगळं उभ्याउभ्या वाचलं. मग माझ्याजवळ खाली बसला. म्हणाला, "पुढे काय झालं, आई? मिळाली का त्याला पदवी?" स्वप्नाने मला तेही सांगितलं होतं. कधीच मिळाली नाही. काही वर्षांनी बादशहाने होतं तेही काढून घेतलं आणि त्याला दूर गॉल देशात हाकलून दिलं. मी म्हटलं, "स्वप्नाचं पुस्तक अजून तिथवर आलेलं नाही रे." स्वप्नाही हो म्हणाली. आता तो आंघोळीला गेला आहे, तेवढ्यात हे लिहून घेते. तुझं ते पत्र नको. पण त्याने तुला कधी विचारलंच, तर तुलाही पुढचं माहीत नाही.