जीपची मागची बाजू कोकराच्या उंचीची करण्याबाबत

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक,
तालुका तपासणी शिबिर, इंदापूर,
जि. पुणे.

विषय : कै. आबाजी सर्जेराव मारकड यांच्या जीपचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) उंच करण्यास परवानगी मिळणे व जीप माझ्या नावावर होणेबाबत.

संदर्भ : दि. २१ जानेवारी १९९७ रोजीच्या तपासणीतील आपला शेरा.

महोदय,

मी खाली सही करणार दिपाली आबाजी मारकड, राहणार कळस, ता. इंदापूर. जीपचे मालक माझे वडील होते. ८ डिसेंबर रोजी त्यांचे घरी झोपेत निधन झाले. नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण झाल्याने व जीप माझ्या नावावर करायची असल्याने मी ती शिबिरात आणली होती. आपण शेरा दिला की जीप पुढून उंच व मागून खाली आहे, त्यामुळे दिव्यांचा झोत वर जातो. सबब पुढची बाजू मूळ उंचीवर आणावी. दिव्यांविषयीचे आपले म्हणणे बरोबर आहे. झोत रस्त्यावर न पडता बाभळींच्या शेंड्यांवर पडतो, हे मी पाहिले आहे. माझी विनंती एवढीच की पुढची बाजू खाली आणण्याऐवजी मागची बाजू वर नेऊ द्यावी. कारणे पुढीलप्रमाणे.

१. आमचे घराणे मेंढपाळांचे आहे. दिवाळीनंतर माझे चुलते म्हस्कू तात्या मेंढरे घेऊन कोकणाकडे जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाटेत जन्मलेली, चालू न शकणारी कोकरे पूर्वी घोड्यावर नेत. अलीकडे वडील ती जीपमधून पुढच्या मुक्कामी पोचवीत. दुपारी कोकरे सावलीसाठी जीपखाली बसतात. इंजिन सुरू होताच ती दचकून उभी राहतात आणि त्यांची पाठ वर चासीला, म्हणजे जीपच्या खालच्या सांगाड्याला, आपटते. मागल्या वर्षी एका कोकराचा कणा असाच मोडला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. जीप उंच करायची, हे त्यांनी तेव्हाच ठरवले.

२. त्यासाठी आम्ही दोघे बारामतीला हिंदुराव मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी तीन प्रकार दाखवले. पाटे टांगायची कडी, म्हणजे शॅकल, लांब लावल्यास उंची लगेच मिळते, पण गाडी झुलते. चाकांचा आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवणे स्वस्त पडते, पण खड्ड्यात तो सरकण्याची भीती असते. तिसरा प्रकार म्हणजे पाट्यांना नव्याने बाक देऊन वर जादा पाटा चढवणे आणि लांब शॉकअप लावणे. वडिलांनी प्रत्येक पाटा उचलून पाहिला, दगडावर वाजवून पाहिला. हिंदुराव म्हणाले, "आबा, पाटे निवडताय का लेकीला स्थळ बघताय?" वडील म्हणाले, "स्थळाला येवढं बघाय लागत न्हाय. हितं कोकरू बसायचं हाय." अखेर त्यांनी तिसरा प्रकार निवडला.

३. उंची त्यांनी टेपने मोजली नाही. स्वतः चातीवर कातलेल्या काळ्या लोकरीच्या दोरीला उभ्या कोकराच्या पाठीच्या मापाने त्यांनी गाठ मारली होती. खालचे टोक मी जमिनीशी धरायचे, वरचे टोक ते चासीला लावायचे. लोकर ताणली की वाढते, हे हिंदुरावांनी तेव्हाच सांगितले होते : "ही दोरी म्हंजे जसं ओढाल तसं कोकरू." पुढची बाजू दोरी सैल धरून झाली. ओझ्याने मागची बाजू बसते, म्हणून मागे मापताना दोरी "जरा ताणून धरू," असे वडील म्हणाले. त्यानंतरच्या आठवड्यात ते गेले.

४. मागचे पाटे बाक देऊन तयार आहेत. प्रश्न असा की वर जादा पाटा एक चढवायचा की दोन. एक कमी पडला तर कोकराची पाठ लागेल. दोन जास्त झाले तर जीप मागून उंच होईल आणि दिव्यांचा झोत नको इतका खाली जाईल. हिंदुराव मला विचारतात, "ताई, आबांचं 'जरा' म्हंजी किती?" मला ते इंचात सांगता येत नाही.

५. मी एकटीने मापून पाहिले. खालचे टोक दगडाखाली दाबून वरचे ओढले. दगडाला ताण कळत नाही. पुढच्या बाजूला मापताना वडिलांनी आधी दोरी ओढून पाहिली होती व मग सैल सोडली होती. तो ओढा, म्हणजेच त्यांचे 'जरा', माझ्या बोटांना ठाऊक आहे. वरचे टोक कोणी हळूहळू ओढले, तर कुठे थांबायचे ते मी सांगू शकेन. जीपखाली शिरूनही पाहिले. पुढे मोकळे आहे, मागे खांदा टेकतो. शेजारच्या द्वारकाबाईंनी पाहून विचारले, "काय हरवलं ग बाई खाली?" काही नाही, असे मी सांगितले.

६. म्हस्कू तात्या पावसाळ्याशिवाय येत नाहीत. शेरा मारलेल्या गाडीला हात लावण्यास हिंदुरावही तयार नाहीत. "सायबांचा कागद आणा, मग पाटाबी चढवतो आन् दोरीबी धरतो," असे ते म्हणतात. घरात दुसरे माणूस नाही.

तरी विनंती की मागची बाजू उंच करण्याची लेखी परवानगी द्यावी. काम झाल्यावर मी जीप पुन्हा शिबिरात आणीन. दिवे आपण भिंतीवर टाकून तपासावेत. झोत वर गेला, तर चारही चाकांचे पाटे मी आपल्यासमक्ष उतरवून देईन व पुन्हा अर्ज करणार नाही.

नियमात बसत असल्यास आणखी एक विनंती. हिंदुरावांनी वरचे टोक धरण्यापूर्वी आपण स्वतः एकदा ते धरावे. आपण आमच्या घरचे किंवा वडिलांच्या ओळखीचे नाही, म्हणून माझ्याकडे पाहून आपण दोरी सैल सोडणार नाही. खालचे टोक मी धरेन. मी पुरे म्हणेन तिथे थांबावे.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,

(सही)
दिपाली आबाजी मारकड
मु. पो. कळस, ता. इंदापूर
दि. १० फेब्रुवारी १९९७

सोबत :
१. नोंदणी पुस्तकाची प्रत.
२. मृत्यूचा दाखला.
३. चुलत्यांचे संमतीपत्र (अंगठा; त्यांच्या वाटेवरच्या मुक्कामी जाऊन घेतलेला).
४. लोकरीची दोरी जोडलेली नाही. ती मी स्वतः घेऊन येईन.