मधला घाव

जर्सी सिटी, ११ मार्च २००६

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी आणि हेमंत मजेत आहोत, थंडीही ओसरलीय. गुडघ्यांना तेल लावतेस ना?

गेल्या आठवड्यात सुट्टीला डोमिनिकन रिपब्लिकला गेलो होतो. एक दिवस गाइडने ट्रकमधून खेडं दाखवायला नेलं. चुलीवरचा भात, राजमा, कंदाची भाकरी. भाकरी तुझ्या हातच्यासारखी नव्हती.

तिथल्या एका आजींनी कॉफीच्या बिया भाजून उखळात घातल्या आणि एक मुसळ माझ्या हातात दिलं. एक घाव त्यांचा, एक माझा. मी आणि मालूताई चटणी कांडायचो अगदी तसं. माझे डोळेच मिटले.

"अगं, एकटीच काय कांडतेयस?" हेमंत हसला. "त्या केव्हाच चुलीपाशी गेल्या!"

डोळे उघडले तर दुसरं मुसळ भिंतीला टेकवलेलं. पण मधला घाव मी तोवर ऐकत होते. ताईचा पडायचा तसा, किंचित उशिरा.

ताई गेल्यापासून दुपारी परसात कांडण ऐकू येतं, असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हा भास म्हणून मी तुला गप्प केलं. चुकलं माझं. दादा पाडव्याआधी उखळ देऊन टाकणार आहे ना? त्याला हे पत्र वाचून दाखव. उखळ राहू दे.

आणि खरं सांग, तुला एकेकच घाव ऐकू येतो ना? मधली जागा ताईने माझ्यासाठी सोडली असेल.

तुझीच,
सुमा