लांब काडी, आखूड काडी

२२ फेब्रुवारी २०२१, सोमवार

आला फोन! आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी आपणहून केला. पुण्याची कंपनी. काम जुनंच — दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. चुका शोधायला मी जन्मतःच हुशार, असं माय म्हणते.

एचआरच्या ऋतुजा मॅडम बोलल्या. आवाज गोड, प्रश्न मात्र नेमके दुखऱ्या जागी. आधीची नोकरी का गेली? कोरोनात गेली, मॅडम, अजून कशात जाणार. मग आठ महिने काय केलं? आता काय सांगू — मायला इन्सुलिनची सुई टोचली, सकाळी चोवीस युनिट, संध्याकाळी सोळा. "ऑनलाइन कोर्स केले" असं सांगितलं.

शेवटी जीव मुठीत धरून विचारलं, नांदेडहून, घरून काम चालेल का? म्हणाल्या, "बघू." बघू म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल असं करून ठेवलं. मागच्या कंपनीनं तोंडी सांगितलं होतं, तुम्हाला काढणार नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

२४ फेब्रुवारी

कागदाशी तरी खरं बोलावं.

मायला साखरेनं आंधळं केलं. उजेड-अंधार कळतो, माणूस सावलीसारखा दिसतो. सुईवरच्या रेघा मुंगीच्या पायाएवढ्या — त्या तिला दिसणं शक्य नाही. त्या मी बघते. एवढंच माझं काम, पण दिवसातून दोनदा आणि रोज. पप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली. धाकटा भाऊ प्रीतम लातूरला दाल मिलमध्ये, बायको आणि लेकरू घेऊन एका खोलीत राहतो.

मायला पुण्याला न्यावं तर मला परवडणार लेडीज हॉस्टेलची कॉट. आणि ती येतही नाही. "ह्या घरातलं समदं माझ्या हाताला पाठ हाय," म्हणते. खरंच आहे. डब्यातली साखर-मीठसुद्धा ती डब्याच्या पोच्यावरून ओळखते.

म्हणून घरून काम. हौस नाही.

५ मार्च

लातूरहून लिहितेय. मला पुण्याला जावंच लागलं तर माय प्रीतमकडे राहील का, हे बघायला तिला एसटीनं घेऊन आले. प्रीतम चांगला आहे. पण सातला मिलवर जातो. त्याच्या बायकोला, उज्वलाला, सुई बघितली की घाम फुटतो.

आज तिसरा दिवस. माय मोरीच्या पायरीवरून पडली. दंड काळानिळा झालाय. परक्या घरात भिंती चाचपडत फिरताना तिला बघवत नाही मला.

प्रीतम मान खाली घालून म्हणाला, "ताई, तू म्हणशील तसं." मी काय म्हणणार? उद्या परत.

१२ मार्च

मोठी मुलाखत झाली, लॅपटॉपवर. मागे मायची हिरवी साडी दोरीवर टाकून पडदा केला. पंखा बंद, आवाज नको म्हणून. घामानं नुसती निथळले.

घेणारे महांतेश सर. ते मूळचे निलंग्याचे निघाले! मला वाटलं, चला, आपल्याकडचा माणूस. कसलं काय. इंग्रजीत म्हणाले, गाव तर मीही सोडलंच की. तुम्ही घरून काम मागताय ते सोयीसाठी की खरंच काही कारण आहे?

घरचं रडगाणं मुलाखतीत सांगू नये असं सगळे म्हणतात. सांगितलं मी. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं — माय, डोळे, सुई, रेघा. सर म्हणाले, सहा महिन्यांपुरतं बघतो.

लॅपटॉप बंद करून दार उघडलं तर माय उंबऱ्याजवळच बसलेली. झाडूच्या काड्या मोडत होती. म्हटलं, हे काय? म्हणे दात कोरायला. दहा काड्या? दात किती उरलेत तुझे!

१९ मार्च

ऋतुजा मॅडमचा फोन. काम माझंच होणार आहे! घरून सहा महिने, सर जवळजवळ तयार आहेत, पुढच्या आठवड्यात कळवते म्हणाल्या. पगार जरा कमी चालेल का? चालेल, मॅडम. धावेल.

मायला सांगितलं, बहुतेक इथूनच काम करायचं. ती "हाव का?" म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली. बोटांनी खडे बरोबर शोधते. मला वाटलं होतं खूश होईल.

२६ मार्च

डोकं फुटायची वेळ आलीय.

कालपासून गावात लॉकडाऊन. मायचं इन्सुलिन संपत आलं होतं, तीन मेडिकल फिरून चौथ्यात मिळालं. फोन घरीच चार्जिंगला होता. परत आले तर माय म्हणाली, "सोयरिकीचा फोन आला व्हता. पोरगी पुण्याला येईल का म्हनत व्हते. म्या सांगितलं, कुठंबी येईल, घरची काई अडचण न्हाई."

माझ्या बायोडाटावर हाच नंबर आहे, स्थळांचे फोन येतातच. वाजला की बोट वर ओढायचं, एवढं तिला मीच शिकवलंय. पण नाव बघितलं तर — ऋतुजा मॅडम!

आधी हसूच आलं. मग लगेच फोन लावला. मॅडम जपून जपून बोलल्या. "तुमच्या आई छान बोलल्या. घरची सोय झालीय म्हणाल्या. मी सरांना तसं कळवलं." सरांनी ऑफिसचंच लेटर काढलं. १२ एप्रिलला पुण्यात हजर व्हायचं. मी म्हटलं, मॅडम, तिचा गैरसमज झाला, तिला कळलं नाही तुम्ही कोण ते. त्या म्हणाल्या, लुंबिनी, आता सरांना परत विचारणं मला अवघड आहे. यादीत अजून दोघं आहेत.

मायवर ओरडले. अडाणी म्हटलं. जन्मात असलं बोलले नव्हते. ती नुसती पदराशी चाळा करत बसली.

ते रेकॉर्डिंग फोनमध्ये पडलंय. ऐकायचं काय त्यात — मायनं एचआरला सांगितलेली माझी जात, उंची आणि रंग? नको.

३० मार्च

सरांना मेल केला. सगळं पुन्हा लिहिलं. उत्तर दोन ओळींचं: ऑफर आहे तशी आहे, २ तारखेपर्यंत कळवा.

१ एप्रिल

शेजारच्या उमादेवी काकू — सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स — स्वतःच दारात आल्या. म्हणाल्या, "तू जा गं. दोन्ही टायमाला मी येऊन सुई देते. चाळीस वर्षं तेच केलंय." मायनंच त्यांना गाठलं असणार.

माय म्हणाली, "जा बाई. मला कामून बांधून घेतीस?"

कोण कुणाला बांधून घेतंय! तरी 'येते' म्हणून कळवून टाकलं. आठ महिने घरात बसलेल्या माणसानं किती ताणायचं?

९ एप्रिल

निघाले. बसमध्ये एका सीटवर एकच माणूस. मायशी धड बोलले नाही. राग अजून होताच. पाया पडले तर तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, मास्कसकट. मी म्हटलं, सोड, बस जाईल.

१४ एप्रिल

जयंती. आयुष्यातली पहिली घराबाहेरची. हॉस्टेलात पाच मुली, पाचही खोल्यांची दारं बंद. मायचा फोन आला — काकूंनी बाबासाहेबांच्या फोटोला हार आणून दिला, खीर केली. "तू खाऊ नको म्हणजे झालं," म्हटलं. हसली.

आज रात्रीपासून राज्यभर संचारबंदी. ऑफिसचा मेल: उद्यापासून सर्वांनी घरून काम करावे.

सर्वांनी! तीन दिवस ऑफिसला गेले मी. तीन.

१६ एप्रिल

कॉटवर मांडी घालून लॅपटॉप उशीवर ठेवते. हे माझं ऑफिस. हीच उशी नांदेडात चालली नसती का?

विचारलं तसं. महांतेश सर म्हणाले, प्रोबेशनचे तीन महिने लॅपटॉप शहराबाहेर नेता येत नाही, नियम आहे. आणि 'घरून' म्हणजे पुण्यातल्या घरून. मी म्हटलं, सर, पुण्यात माझं घर नाही. ते म्हणाले, लुंबिनी, सगळ्यांचंच अवघड आहे. असेलही.

२१ एप्रिल

माय रोज सकाळ-संध्याकाळ फोन करते. "सुई झाली." "काकू आल्या होत्या?" "हाव, आत्ताच गेल्या." बरं वाटतं. दोनच वाक्यं, पण बरं वाटतं.

राग उतरलाय. अडाणी म्हटलं त्याबद्दल बोलायचंय. फोनवर जमत नाही. भेटल्यावर बोलू.

२८ एप्रिल

सर्दी, अंगात कणकण. टेस्ट निगेटिव्ह. मायला सांगितलं नाही. आपण एकमेकींना काय काय सांगत नाही, ते एकदा लिहून काढलं पाहिजे.

३ मे

सकाळी सुईचा फोन आला नाही. नऊला मी केला. वाजत राहिला. काकूंना केला — त्यांच्या मुलानं उचलला. आई दहा दिवस झाले कोविड सेंटरला आहे म्हणाला. तुम्हाला माहीत नव्हतं?

दहा दिवस.

त्याला म्हटलं, पळत जा आमच्या घरी, दार तोड.

५ मे

ई-पास, गाडी, चौकीवर चौकशी. प्रीतम लातूरहून माझ्या आधी पोचला होता.

कोरोना नव्हताच. डॉक्टर म्हणाले साखर खूप खाली गेली, झोपेतच. इन्सुलिन जास्त झालं असणार. घरात कुणी नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. मी 'नव्हतं' म्हटलं. सोपा प्रश्न होता.

६ मे

तिचं अंथरूण काढलं. उशाखाली सुई, आणि झाडूची एक काडी. दोन बोटं लांब, टोकं ब्लेडनं सरळ कापलेली. आधी कळलंच नाही. मग बाबासाहेबांच्या फोटोपुढच्या वाटीत दुसरी सापडली, तशीच कापलेली, पण आखूड.

सुईचा दांडा मागे ओढून लांब काडी बाजूला लावून बघितली. चोवीसच्या रेघेवर बरोबर थांबली. आखूड काडी सोळावर. कणभर इकडे-तिकडे नाही. महिनाभर माझ्या नाकासमोर, मी भरलेल्या सुईवरून, ती मापं घेत होती, आणि मी दात मोजत होते तिचे.

संध्याकाळची आखूड काडी वाटीत राहिली. उशाखाली लांब होती. दिवेलागणीला काडी तेवढी चुकली.

१० मे

मायचा जलदान विधी. पाचच माणसं. भन्तेजी व्हिडिओ कॉलवर.

महांतेश सरांचा स्वतःहून फोन आला. मराठीत बोलले, आपल्याकडच्या मराठीत, पहिल्यांदाच. "हवं तितके दिवस तिथूनच करा. नियमाचं मी बघतो." मी 'थँक यू सर' म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

लॅपटॉप मायच्या खोलीत मांडलाय. मागे तीच हिरवी साडी, वर पंखा चालू. बारा वाजता मीटिंग झाली. कुणालाही पंख्याचा आवाज आला नाही.

१४ मे

प्रीतमला तिचा आवाज हवा होता. जुने कॉल शोधताना २६ मार्चचा सापडला. आज ऐकला.

"लुंबिनी औषधाला गेली. तुमी हापिसातल्या बाई ना? फोन ठेवू नका. आमची पोर हितूनच काम करते म्हनती, तिला तसं देऊ नका. घेऊन जा तिकडं. ती माझ्यापायी अडकून राहिली. म्या सुई शिकून राहिले, माप करून घेतलंय. तिला सांगू नका हे. म्या सोयरिकीचा फोन व्हता म्हनते."

मॅडम विचारतात, आई, ती तुमच्यासाठी घरून काम मागतेय हे तुम्हाला कसं कळलं? मुलाखत तर इंग्रजीत होती.

"म्या दाराआड व्हते. मला विंग्रजी न्हाई येत, बाई. पर ती सायबाला घडीघडी 'मदर, मदर' म्हनत व्हती. तेवढा एक शबुद मला कळतो."