झिपरूला एकेचाळीस आमेन

३ नोव्हेंबर, पहाटे ५.१०
किन्हवलीच्या आमच्या मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप, ‘पहाटवाचन’. मेंबर शेहेचाळीस. रोजचा बायबलचा उतारा मी निवडतो, मोठ्याने वाचून रेकॉर्डिंग टाकतो आणि खाली मनन लिहितो. तीन वर्षं, एक खाडा नाही. आज सहाशे शब्द लिहिले. दोन आमेन आले. एक आमच्या चर्चच्या दिपेश पाळकांचं. दुसरं रत्नाचं, ते मीच बायकोच्या फोनवरून टाकलं.

मग डोळखांबकडच्या पाड्यावरचा झिपरू बोलला. चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज. मागे बकरी ओरडतेय. एकतीस आमेन.

१४ डिसेंबरला मुरबाडला मेळावा. आमच्यातल्या एकाने स्टेजवरून संदेश द्यायचा, म्हणजे प्रवचनच. नाव पाळक ठरवणार. ठरवायला काय आहे म्हणा.

५ नोव्हेंबर
संकल्प: चारला उठणे, तासभर प्रार्थना, सातपर्यंत फोन बघायचा नाही. ४.२० ला बघितला. झिपरूचा व्हॉइस ३.५५ चा. भाताच्या राखणीला माणूस जागाच असतो, त्यात भक्ती कसली?

९ नोव्हेंबर, रविवार
उपासनेनंतर संजीवनीताई म्हणाल्या, तुमचं मनन रोज सेव्ह करते, वेळ मिळाला की वाचणार. झिपरूचं मात्र सासूला दोनदा ऐकवून झालं.

हा मत्सर नव्हे. मंडळीची काळजी आहे.

१२ नोव्हेंबर
उतारा: शौल आणि दावीद. बायकांनी दाविदाचं गाणं म्हटलं आणि शौल राजाचा जळफळाट झाला. मी लिहिलं की शौलाची बाजू कुणी ऐकूनच घेत नाही. पाळकांचा फोन आला, घरी सगळं बरं आहे ना.

१६ नोव्हेंबर
मार्ग सापडला. उद्या उतारा: पहिले इतिहास, अध्याय एक. नुसती वंशावळ. आदाम, शेथ, अनोश, पुढे नावंच नावं. ग्रुपवर जाहीर केलं, उद्याचं मनन झिपरू करणार. नव्या माणसाला संधी दिली पाहिजे. पाळकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मला शांत झोप लागणार.

१७ नोव्हेंबर
लागली नाही. नऊ मिनिटांची यादी वाचून घसा बसला. मग झिपरू बोलला.

“दिवाळी झाली का वीटभट्टीचा मुकादम येतो. टेम्पोत चढताना नावं घेतो. एका साली माज्या बायकोचं, जनाबायचं नाव राहिलं, तर तिला खाली उतरवली. मी भट्टीवर, ती घरी, सहा महिनं. देवानं बघा किती नावं लिवून ठेवलीत. त्याच्या यादीत कुणी राहत नाय. उतारा सुरेंद्रदादानं निवडला, देव त्याला बरं ठेवो.”

एकेचाळीस आमेन. रत्ना ऐकताना रडली. तव्यावरची भाकरी करपली. ती मला वाढली.

२५ नोव्हेंबर
झिपरू काल भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. मेळाव्याला येऊ शकणार नाही. फार वाईट वाटलं. दोनदा चहा घेतला.

सायंकाळी पाळकांचा फोन. मेळाव्यात स्टेजवर या, तुमच्याकडे एक काम आहे. देवाच्या घरी देर आहे, अंधेर नाही. निळा शर्ट शिवायला टाकला.

११ डिसेंबर
संदेश तयार. बावीस पानं. विषय: नम्रता. रत्नाला ऐकवला. सहाव्या पानाला तिने कुकर लावायला जायचं काढलं.

१४ डिसेंबर, मुरबाडहून परत
पाळकांनी स्टेजवर बोलावलं. खिशातून पानं काढली. ते म्हणाले, झिपरूने भट्टीवरून संदेश पाठवलाय, तुमच्या फोनचा आवाज मोठा आहे, जरा माइकला धरा.

धरला. नऊ मिनिटं.

झिपरू म्हणाला, मला वाचता येत नाय. मी जे काय शिकलो ते सुरेंद्रदादाचं वाचन ऐकून, त्याच्याच आवाजात. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी मान वर केली. मग तो प्रार्थनेला लागला.

“देवा, दादा रोज येवढं लिवतो, ते कुणी वाचत नाय. त्याला लागत असंल. तू त्याच्याकडं बघ.”

सगळा मांडव आमेन म्हणाला. चारशे तरी माणूस असेल. रत्नाचं सगळ्यात मोठं, आणि या वेळी ते तिने स्वतः म्हटलं.

हात दुखतोय. उद्या मनन लिहिणार नाही. फक्त वाचून टाकीन.