सटवाईच्या नावावर

वर्तकनगर, ठाणे
गुरुवार, दुपार

प्रिय करिश्मा,

डोंबिवली ती केवढी लांब, हातात फोन आहे, आणि सासूबाई पत्र लिहितायत! हसशील तू. हस बाई. पण फोनवर मी दोन वाक्यं अडखळले की तू लगेच जाऊ द्या ना आई म्हणतेस, आणि मला तेवढंच हवं असतं. म्हणून कागद घेतला. शनिवारी मितेश तुझ्या माहेरी येईल तेव्हा त्याच्या हाती देईन. पाकीट चिकटवलेलं असेल, आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नाही. परवा तू फोनवर माझ्याकडे जे मागितलंस, त्याला मी हो म्हणाले नाही की नाही म्हणाले नाही. त्याचंच हे उत्तर आहे, पण माझ्या पद्धतीने येऊ दे.

आधी संचिताचं ऐक. मंगळवारी एक झटका आला, दीड मिनिटाचा. कुशीवर वळवली, घड्याळ बघितलं, तोंडात काही घातलं नाही, सगळं तू शिकवलंस तसं. वहीत लिहून ठेवलंय. त्यानंतर नाही आला. काल व्यायामवाल्या अमृताने भिंतीच्या कोपऱ्यात उशा लावून तिला बसवलं, तर आपली बाई तीन मिनिटं बसली, मान सरळ! मी पेढे आणून वाटले. शेजारची कल्पिता विचारते, कसले हो काकू? म्हटलं, आमची पोर बसली. सहा वर्षांच्या पोरीच्या बसण्याचे पेढे. बिचारी पेढा हातात धरून उभीच राहिली. कुकरची शिट्टी झाली की संचिता अजून तशीच खिदळते. तुझा जुना गाऊन उशाशी लागतो. तुझं नाव घेतलं की डोळे दाराकडे जातात. बोलणं नाही, चालणं नाही, जे काय आहे ते त्या डोळ्यांत.

डोळ्यांवरून आठवलं. माझ्या नजरेच्या फुशारक्या तू लग्न होऊन आल्यापासून ऐकतेयस. वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या कंपनीत बावीस वर्षं पट्ट्यावर बसले. गोळ्यांची पाकिटं समोरून सरकायची आणि एखादा कप्पा रिकामा असला की माझा हात आपोआप पुढे जायचा. सुपरवायझर म्हणायचा, सगुणाबाई, तुम्ही असताना मशीन कशाला हवं? त्याच तोऱ्यात मी हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसले होते. बाळ उशिरा रडलं होतं, थोडा वेळ काचेच्या पेटीत ठेवून आपल्याकडे दिलं होतं. मी वॉर्डभर बर्फी वाटून मोकळी झाले होते. तू ऑपरेशनच्या गुंगीत, आणि पोर माझ्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशीची दुपार होती. तिचे ओठ चोखल्यासारखे हलायला लागले. डोळे एका बाजूला जाऊन तिथेच थिजले, आणि दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे फिरायला लागले. थांबायचं, की पुन्हा सुरू. आपल्यात बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते, रडलं की सटवाई रडवते. मी पण बाजूच्या खाटेवरच्या केशरबाईंना कौतुकाने म्हटलं, बघा, सटवाई खेळवतेय. त्या हसल्या. मग मी तिचा एक पाय हातात धरला, आणि करिश्मा, मी धरून ठेवला तरी तो आतून ठोके देत राहिला. हे खेळणं नव्हे, हे मला तेव्हाच कळलं होतं. एवढ्यात तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, आई, बाळ असं का करतंय? नर्सला बोलवा ना. आणि मी काय म्हणाले? अगं काही नाही, सटवाई खेळवतेय, झोप तू.

नर्स वीस पावलांवर होती. मी उठले नाही. का उठले नाही, याचं उत्तर सहा वर्षं शोधतेय. चांगलं झालं, सुटलो, असं सगळ्यांना सांगून बसले होते, ते मोडायचं नव्हतं मला. बस, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने अंग पुसताना तेच बघितलं आणि पोरीला उचलून धावतच सुटली. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून होतंय? मी म्हणाले, आत्ताच, पहिल्यांदाच. केवढं ठणकावून म्हणाले! सहाव्या दिवशी पोर तिथे नळ्यांमध्ये होती, आणि मी इथे घरी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा केली, कोरा कागद नि पेनसुद्धा ठेवलं, तिने येऊन पोरीचं नशीब लिहावं म्हणून. स्वतःचं पाप तिच्या नावावर खपवलं आणि वर तिच्यापुढे हात जोडले.

आणि याहून वाईट पुढेच आहे. संचिताच्या पहिल्या वाढदिवशी, मान धरत नव्हती तेव्हा, तू स्वयंपाकघरात मला हळूच विचारलंस, आई, हॉस्पिटलात नर्सने हिला उचलून नेलं त्याच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला काही म्हणाले होते का हो? मी पुऱ्या लाटत होते. वर न बघता म्हटलं, गुंगीत होतीस तू, भास झाला असेल. तू मान हलवलीस आणि मला पुरी तळायला मदत केलीस. मेली ती पुरी अजून घशाखाली उतरत नाही माझ्या.

गेल्या महिन्यात कल्याणच्या डॉक्टरांकडे संचिताला एकटी घेऊन गेले, तेव्हा एकदाचं विचारलं. म्हणाले, मेंदूला इजा जन्मताना प्राणवायू कमी पडल्यामुळे झाली, झटके ही त्याची खूण. औषध एक दिवस आधी मिळालं असतं तर फरक पडला असता की नाही, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. काही मुलं सावरतात, काही नाही. मी बाहेर येऊन संचिताला मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. मला वाटलं होतं, हो तरी म्हणतील नाहीतर नाही तरी. दोन्ही नाही मिळालं. ते आता मरेपर्यंत माझ्यापाशी राहील, राहू दे.

पण तुझ्यापाशी जे चुकीचं राहिलंय ते मला काढायला हवं. पुढच्या आठवड्यात तुझी तारीख आहे. परवा तू म्हणालीस, आई, पहिले चार दिवस बाळाजवळ तुम्हीच बसा, तुमची नजर आहे, मला मेलीला बाळातलं काही कळत नाही, मागच्या वेळी तर मला भास होत होते. फोन ठेवून मी मोरीत जाऊन रडले. पोरी, तुला भास झाला नव्हता. ऑपरेशनची गुंगी, टाके, डोळे उघडत नव्हते, आणि तरी सगळ्यात आधी तूच पाहिलंस, तूच म्हणालीस नर्सला बोलवा. ती आई होती, मी तिला झोपवली. यावेळी बाळ तुझ्याच कुशीत ठेव. काही वेगळं वाटलं तर बेल दाब, ओरड, अख्खा वॉर्ड गोळा कर. कुणी सटवाईचं नाव घेतलं तर त्याला बाहेर काढ. ती मी असले तर मलाही. मी यायचं की नाही ते हे वाचून तू ठरव. नको म्हणालीस तर इथे संचिताजवळ बसेन, वही लिहीत.

तुझीच,
(आई लिहायला हात धजत नाही)
सगुणा