न पाहिलेल्या झाडांचा नकाशा

बाई,

तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास कधीच नव्हता, हे आधी लिहून टाकते. तुम्ही वारलात तेव्हा मी सातवीत होते. वर्गातल्या मुली रडत होत्या आणि मी खिडकीशी उभी राहून विचार करत होते की शनिवारच्या सहली आता बंद, आणि त्या तुम्ही का काढत होतात ते आता कधीच कळणार नाही. हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. लालबागला आमच्या चाळीत तो सगळ्यांनाच होता. सकाळची शाळा सुटली की घरी जायचं सोडून ही बाई पोरींची रांग घेऊन भर उन्हात शिवडीच्या खाडीपर्यंत का चालत जाते? कोणी म्हणे कम्युनिस्ट आहे, कोणी म्हणे मिशनऱ्यांची. आई शेगडीपुढून न उठता विचारायची, "खंय गेल्लंस गो?" मी खाडीवर म्हटलं की भाकरी उलटत म्हणायची, "पगार तितकोच मां तिचो? मगे तिका काय मेळता?" आईला या प्रश्नाचं उत्तर नको असायचं. मला हवं असायचं.

चिंचपोकळीच्या पुलावर तुम्ही आम्हाला थांबवता. खाली रूळ, पलीकडे गिरण्यांची धुराडी. "चिंच शोधा," तुम्ही म्हणता आणि आम्ही कठड्यावरून वाकून, टाचा उंचावून शोधतो. चिंच कुठेच नाही. मी तुम्हाला विचारते, "बाई, झाड नाही तर नाव कशावरून?" तुम्ही सांगता, "इथे सखल जागा होती आणि चिंचा होत्या, असं म्हणतात." भायखळ्याला बहाव्याचं खळं होतं, म्हणतात. परळला पाडळीची झाडं होती, म्हणतात. त्या 'म्हणतात'वर तुमचा आवाज किंचित खाली यायचा. मला तो उतरलेला आवाज आवडत नसे. वाटायचं, ही बाई आपल्याला माल देते आहे आणि पावती देत नाहीये.

खाडीवर मात्र तुम्ही निराळ्या असायचात. ओहोटीच्या चिखलातून तिवरांची मुळं खिळे ठोकल्यासारखी वर आलेली असत. तुम्ही चपला काढून, पदर खोचून सरळ आत उतरायचात. निवटे कसे मासे असून चिखलावर उड्या मारतात ते दाखवायचात. तिवराचं पान तोडून आमच्या हातात द्यायचात. "चाटून बघ. खारट लागलं? मग तसं लिही." तिथे 'म्हणतात' नव्हतं. घरी येईपर्यंत जिभेवर ती चव राहायची आणि त्या चवीवर तरी संशय घेता येत नसे.

एकदा मी निबंधात लिहिलं, परळ हे नाव पाडळीच्या झाडावरून पडले. तुम्ही मला टेबलाशी बोलावलंत.

"पाडळ तू पाहिलीस?"

"नाही."

"मी पाहिली?"

"तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं म्हणजे पाहिलं असं होत नाही. पान तू चाटलंस, ते तुझं. पाडळ तू ऐकलीस. तिथे 'म्हणतात' लिही."

वर्ग हसला. कान तापलेले घेऊन मी जागेवर आले, आणि माझ्या मनात आलं ते असं, की बाईंनी स्वतःला सोडवून घेतलं. उद्या कोणी जाब विचारला तर जबाबदार म्हणणारे, बाई नाहीत. पण त्या दिवसापासून न पाहिलेली कुठलीही गोष्ट मी पाहिल्यासारखी लिहिलेली नाही. आता मी एका इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढते. बाई असले तरी मला तिथे ड्राफ्ट्समनच म्हणतात. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की जागेवर जाऊन मोजलेली रेघ अखंड काढायची आणि अंदाजाची तुटक. मला फार बरं वाटलं. म्हटलं, इथे 'म्हणतात'ला खूण आहे.

तुम्हाला हे लिहायचं कारण माझ्याच वर्गातली, मागच्या बाकावर बसणारी तुमची विद्यार्थिनी. ती लग्न होऊन आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर आली आणि तिचा नवरा, मी त्यांना भाऊजी म्हणते, चाळीच्या कमिटीत आहे. सध्या मुंबई कोणाची या एका प्रश्नावर इथे लोक जेवताजेवता उठतात. तर एका रविवारी भाऊजी मांजरपाटाचा मोठा तुकडा काखेत मारून वर आले, मागून ती.

"ताई, मुंबईचा नकाशा पायजे. सभेत टांगायला. सगळी जुनी नावं, आणि नावाच्या बाजूला झाड. समोरचे बोलतात, मुंबई सायबानं वसवली, पैसा शेटजींचा. आपण विचारायचं, मग चिंचा कोणी लावल्या?"

"चिंचा होत्या हे कोण म्हणतं?"

"तुमच्या बाई. हिनं सगळं तोंडपाठ केलंय. भाषणात त्यांचं नावपण घेणार. शाळेतल्या बाईंनी शिकवलं म्हटल्यावर कोण खोटं पाडतो?"

"बाईंनी 'म्हणतात' असं सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मी काय ऐकलं नाय तसलं," ती म्हणाली. "आणि म्हणतात तर म्हणतात. कोणीतरी बोललं म्हणूनच ना? तुझं आपलं पहिल्यापासून असंच गो. बाईंनी आंबा दिला तरी तू आधी वास घेणार."

मी नाहीच म्हणणार होते. ज्या गोष्टीचा तुम्ही कधी पुरावा दिला नाहीत, तिच्या पुराव्याला ते तुम्हालाच उभं करणार होते, आणि तुम्ही 'नाही, मी तसं बोलले नव्हते' म्हणायला येणार नव्हतात. ते सांगू शकणारी मी एकटी होते. पण मुंबई मलाही हवी होती. नाव चिंचेवरून पडलेलं असो की नसो, हवी होती. मांजरपाट मी ठेवून घेतला.

चाळीच्या गॅलरीत तो अंथरून मी नकाशा काढला. किनारा, पूल, रस्ते अखंड रेघेत. झाडं सगळी तुटक. भाऊजी बघायला आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"झाडांना कसर लागली काय?"

"पाहिलेली नाहीत, म्हणून तुटक."

ती म्हणाली, "सभेत काय झाडं मोजायला येणारत लोकं?"

भाऊजी गॅलरीच्या टोकापर्यंत मागे गेले, डोळे बारीक करून बघितलं आणि हसले. "रवांदे गो. हयसून तुटक-बिटक कायेक समाजणा नाय."

सभेत नकाशा दोन बांबूंना बांधला होता. बायकांच्या घोळक्यात मी मागे उभी होते. बोलणाऱ्यांनी काठीने एकेक झाड दाखवलं, ही चिंच, हा बहावा, ही पाडळ, आणि तुमचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. एकदाही 'म्हणतात' आलं नाही. माझ्या शेजारची म्हातारी मान हलवून म्हणाली, "त्या चिंचा मी बघितल्यात." कधी, असं मी विचारलं. "लहानपणी असतील. नसत्या तर नकाशात कशाला काढल्या असत्या?"

तेव्हापासून तुमच्याविषयीचा माझा जुना संशय थोडा सरकला आहे. सहलींतून तुम्हाला काय मिळत होतं, हे मी आता विचारत नाही. मला वेगळंच वाटतं. 'म्हणतात'वर उतरणारा तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसणार. पुढे बसणाऱ्या मला शंका मिळाली आणि मागे बसणारीला चिंचा. रोज फळ्यापाशी उभं राहून चाळीस मुलींना धडा देणाऱ्या माणसाला आपला आवाज कुठवर जातो हे ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक होतं का? आणि असेल, तर तुम्ही तो मुद्दाम उतरवत होतात का? बरेच दिवस मी याचं उत्तर तुमच्याविरुद्ध द्यायला तयार होते.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुमच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. म्हणून लिहिते. तुटक रेघेत फट किती ठेवली की रेघ किती अंतरावरून अखंड दिसते, हे आमच्या कामात शिकावं लागतं. पहिलं झाड काढायच्या आधी मी भाऊजींना विचारून घेतलं होतं, लोक किती लांब बसणार.